समोरच्या दातांना कॅप की व्हिनिअर? आधी दात किती शिल्लक आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८. कॉलेजात असताना पडल्यामुळे वरच्या मधल्या दोन दातांना मार लागला. उजव्याचे तेव्हाच रूट कॅनॉल झाले आणि तो आता करडा पडला आहे. डाव्याचा कोपरा तुटलेला आहे, पण दुखत नाही. दोघांमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट आहे. एका दवाखान्यात पुढच्या चार दातांना झिरकोनियाच्या कॅप सुचवल्या, दुसरीकडे सहा व्हिनिअर. लग्न दोन महिन्यांवर आले आहे. काय करावे?

आधी सरळ उत्तर देऊन टाकू. या वर्णनावरून चार कॅपही नकोत आणि सहा व्हिनिअरही नकोत. डाव्या दाताला कॅप घालण्याचे कोणतेही कारण दिसत नाही. त्याचा कोपरा आणि फट कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगने) भरून निघेल, फार तर एक व्हिनिअर लागेल. उजव्याचा रंग आधी आतून ब्लीच करून उजळवून घ्यावा. त्यानंतर तो दात किती शाबूत आहे हे पाहून नुसते फिलिंग, व्हिनिअर किंवा कॅप यांपैकी एक ठरवावे. शेजारच्या ज्या दातांना काहीच झालेले नाही, त्यांना हात लावू नये. एक्स-रे आणि दातांची मागची बाजू पाहिल्यावर हा बेत थोडा बदलू शकतो. तो कुठे आणि कशामुळे बदलेल हे समजून घेतलेत, तर कोणत्याही दवाखान्यात बसून तुम्ही नेमके प्रश्न विचारू शकाल.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या फक्त पुढच्या बाजूवर चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर असते. कॅप दाताला चारही बाजूंनी वेढते, त्यामुळे दात सगळीकडून १ ते १.५ मिलिमीटर आणि टोकाकडून सुमारे २ मिलिमीटर घासावा लागतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण वरचा मधला दात हिरडीजवळ पुढून मागे मोजला तर ६-७ मिलिमीटरचाच असतो आणि टोकाकडे त्याहून बराच पातळ होतो. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दंतसंशोधकांनी २००२ साली प्रयोगशाळेत कृत्रिम दातांचे घासण्याच्या आधी व नंतर वजन करून हा फरक मोजला. हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागापैकी व्हिनिअरसाठी ३ ते ३० टक्के भाग जातो, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. म्हणजे कॅप बसवली की आत एक खुंट उरतो, आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

म्हणून ‘जास्त छान काय दिसेल?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. चांगल्या लॅबमधून आलेली कॅप आणि चांगले व्हिनिअर तोंडात शेजारी शेजारी असतील, तर दुरून कोणालाही फरक ओळखता येत नाही. फरक पडतो तो खाली काय उरले आहे यात.

इनॅमल किती उरले आहे?

व्हिनिअर स्वतःच्या ताकदीवर उभे राहत नाही. ते टिकते इनॅमलला, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थराला, चिकटल्यामुळे. इनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद ठेवले की त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि रेझिन (चिकटवण्याचा द्रव, जो नंतर घट्ट होतो) त्यात घट्ट रुतते. ही कल्पना दंतसंशोधक ब्युओनोकोर यांनी १९५५ साली मांडली. त्याही आधी, १९३०च्या दशकात, दंतवैद्य चार्ल्स पिंकस हॉलिवुडच्या नटांना शूटिंगपुरते व्हिनिअर लावून देत असत, पण ते धरून ठेवणारे काही नसल्याने काम संपले की काढून ठेवावे लागत. सिरॅमिकच्या आतल्या बाजूलाही अ‍ॅसिडने खरबरीत करून चिकटवण्याची पद्धत १९८३च्या सुमारास पुढे आली. तेव्हापासून व्हिनिअर कायमचा उपचार झाला.

इनॅमलच्या खालचे डेंटिन ओलसर असते आणि त्यात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात. रेझिन त्यालाही चिकटते, पण ती पकड वर्षागणिक सैल होत जाते. शिवाय डेंटिन लवचिक असते आणि सिरॅमिक ठिसूळ, त्यामुळे चावताना खालचा थर किंचित वाकतो आणि वरच्याला तडा जातो. भिंतीचा गिलावा पोकळ असेल तर वरची टाइल कितीही भारी असली तरी सुटते, तसेच हे आहे. मधल्या दाताचे इनॅमल टोकाकडे साधारण १ मिलिमीटर किंवा थोडे जास्त असते, मधल्या भागात ०.६ ते १ आणि हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर. हिरडीजवळ हात जरा जड पडला की डेंटिन उघडे पडते.

यावरून कामाचा नियम निघतो. घासून झाल्यावर पुढच्या पृष्ठभागाचा किमान निम्मा भाग आणि कडा जवळजवळ सगळ्या इनॅमलमध्येच राहणार असतील, तर व्हिनिअर. दाताच्या दोन्ही बाजूंना मोठी फिलिंग असतील, मागची भिंत रूट कॅनॉलच्या छिद्राने पोखरलेली असेल, किंवा आम्लपित्त वा वारंवार उलट्या यांमुळे मागचे इनॅमलच विरघळून गेले असेल, तर कॅपकडे वळावे. मधल्या पायऱ्याही आहेत. तीन बाजूंना थोडे थोडे गुंडाळणारे व्हिनिअर करता येते. आधी जुनी फिलिंग बदलून घेऊन त्यावर व्हिनिअर बसवता येते. त्यामुळे ‘फिलिंग आहे म्हणजे कॅपच’ हे बरोबर नाही.

दाढांची गोष्ट वेगळी, म्हणून एका वाक्यात: रूट कॅनॉल झालेल्या दाढेला बहुतेक वेळा वरून झाकणारी कॅप किंवा ऑनले (फक्त चावण्याची बाजू झाकणारी अर्धी कॅप) लागते, कारण चावण्याच्या जोराने ती उभी चिरते. समोरच्या दातांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, आणि तो तसा लावल्यामुळेच पुष्कळ चांगले पटाशीचे दात विनाकारण खुंट होतात.

करडा पडलेला उजवा दात

रूट कॅनॉल झालेला समोरचा दात बाजूंनी शाबूत असेल आणि छिद्र फक्त मागून पाडलेले असेल, तर त्याला ताकदीसाठी कॅप लागत नाही. कॉम्पोझिटचे चांगले फिलिंग पुरते. प्रश्न उरतो रंगाचा. हा रंग आतला आहे. मार लागल्यावर नसेतले रक्त डेंटिनच्या नळ्यांत मुरते, किंवा नसेचा वरचा कोपरा साफ करायचा राहून जातो, किंवा रूट कॅनॉलचे सीलर (आतले भरण बसवायची पेस्ट) दाताच्या दिसणाऱ्या भागातच राहते.

अशा दातावर थेट अर्ध्या मिलिमीटरचे पारदर्शक व्हिनिअर चिकटवले, तर खालचा करडेपणा वर दिसत राहतो. रंगाची एक शेड बदलायला साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर सिरॅमिक लागते. पाच-सहा शेड झाकायच्या तर दात इतका खोल घासावा लागतो की इनॅमल उरतच नाही, आणि अपारदर्शक सिरॅमिक वापरले तर तो एकच दात खडूसारखा पांढराफटक दिसतो. म्हणून आधी आतून ब्लीच. खर्च कमी, दात घासायचा नाही, आणि पुढे व्हिनिअर किंवा कॅप जे काही होईल त्याचा रंग जुळवणे सोपे जाते.

पद्धत अशी. आधी मुळाचा एक्स-रे. रूट कॅनॉल टोकापर्यंत नीट भरलेले आहे का, मुळाच्या टोकाला काळा डाग आहे का, मुळाला चीर किंवा झीज आहे का, हे पाहायचे. रूट कॅनॉल अर्धवट असेल तर ते आधी पुन्हा करायचे. ते टाळून वर कितीही महागडे काम केले तरी काही वर्षांत पू होऊन सगळे उखडावे लागते. मग मागून दात उघडून आतले रबरासारखे भरण हिरडीच्या पातळीच्या साधारण २ मिलिमीटर खालपर्यंत काढतात आणि त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा २ मिलिमीटरचा अडसर घालतात. हा अडसर सगळ्यांत महत्त्वाचा. तो नसेल तर ब्लीच मुळाच्या बाजूने झिरपून मुळाची बाहेरून झीज सुरू होऊ शकते, आणि त्यात दात जातो. वर सोडियम परबोरेट आणि पाण्याचा लगदा भरून तात्पुरते सिमेंट लावतात. आठवड्याने बदलतात. दोन ते चार वेळा केल्यावर बहुतेक दात शेजाऱ्याच्या जवळपास येतात. ३० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर नको म्हणा, मुळाची झीज त्याच पद्धतीत जास्त आढळली आहे. ब्लीच संपल्यावर कायमचे फिलिंग किंवा चिकटवण्याचे कोणतेही काम करण्याआधी दोन आठवडे थांबावे लागते, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही. काही वर्षांनी रंग थोडा परतू शकतो, तेव्हा हेच पुन्हा करता येते.

ब्लीचनंतर रंग पुरेसा जुळला आणि दात आकाराने चांगला असेल तर तिथेच थांबा. रंग थोडा मागे राहिला तर ०.५ ते ०.७ मिलिमीटरचे व्हिनिअर. आणि दात उघडल्यावर आत दिसले की पुढची भिंत कागदासारखी पातळ आहे, बाजूंना मोठी जुनी फिलिंग आहेत, कीड हिरडीपर्यंत गेली आहे, तर कॅप करा आणि त्यात कमीपणा मानू नका. अशा वेळी एकच गोष्ट तपासायची: कॅपच्या कडेच्या वर चहूबाजूंनी १.५ ते २ मिलिमीटर उंचीची स्वतःच्या दाताची भिंत मिळते का? ही भिंत कॅपला मिठीसारखी पकड देते. ती नसेल तर आत पोस्ट (मुळात बसवायची काडी) टाकूनही कॅप वारंवार निघते किंवा मूळ उभे फाटते. पोस्ट दाताला बळकट करत नाही. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते. त्यामुळे पुरेसा दात असताना पोस्ट घालणे म्हणजे उरलेले मूळ पोखरणे. घालायचीच असेल तर समोरच्या दातात फायबरची, कारण धातूची पोस्ट पारदर्शक कॅपमधून सावलीसारखी दिसते.

तुटलेला डावा दात आणि फट

नस जिवंत आहे का ते थंड चाचणीने आणि एक्स-रेने पाहून घ्या, कारण मार लागलेल्या दाताची नस कित्येक वर्षांनीही मरू शकते. ती ठीक असेल तर कॉम्पोझिट हा पहिला पर्याय. एक मिलिमीटरची फट दोन्ही दातांवर अर्धा-अर्धा मिलिमीटर वाढवून बंद करतात. एकाच दातावर सगळी वाढवली तर तो फताडा दिसतो. मधल्या दाताची रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली की डोळ्यांना बरी वाटते, हे माप आधी घेऊन पाहावे. फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा अलीकडेच वाढू लागली असेल, तर भरण्याआधी कारण शोधायला हवे. हिरडीच्या आजाराने दात पुढे सरकत असतील तर आज बुजवलेली फट वर्षभरात शेजारी उघडते.

कॉम्पोझिटचा तोटा म्हणजे चहा, हळद, तंबाखू यांचे डाग त्यावर चढतात, चकाकी जाते, आणि पाच-सात वर्षांत दुरुस्ती किंवा बदल लागतो. पण ती दुरुस्ती एका बैठकीत होते आणि खालचा दात जसाच्या तसा राहतो. २८ व्या वर्षी हा मोठा फायदा आहे. सिरॅमिक व्हिनिअर नीट निवडलेल्या दातांवर दहा वर्षांनी दहापैकी नऊच्या आसपास टिकलेली आढळतात. तरी कधी ना कधी बदलावी लागतातच, आणि प्रत्येक बदलात दाताचा आणखी थोडा भाग जातो. हाताशी आयुष्य जितके जास्त, तितकी पहिली पायरी लहान असावी.

चांगल्या, जिवंत दाताला कॅप घालण्यात आणखी एक धोका आहे. इतके घासल्यावर नस दुखावते, आणि काही दातांत ती पुढे काही वर्षांनी मरते. मग कॅपमधूनच छिद्र पाडून रूट कॅनॉल. ‘पुढे त्रास नको’ म्हणून सहा निरोगी दातांचे आधीच रूट कॅनॉल करून त्यांवर कॅप बसवण्याचा सल्लाही दिला जातो. तो सल्ला ऐकलात तर उठून दुसरे मत घ्या. सरळ रांगेत न बसणाऱ्या दातांसाठी तारा किंवा अलायनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) आहेत. दात घासून ‘सरळ’ करणे हा शेवटचा मार्ग.

चावा न पाहता काहीच ठरवू नये

तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्यांना किती झाकतात, खालच्यांची टोके वरच्यांच्या मागे कुठे टेकतात, जबडा पुढे आणि बाजूला सरकवला की कोणत्या दातांवर भार येतो, हे लाल-निळ्या कागदाने तपासायचे असते. टोकाला टोक भिडणारा चावा असेल, किंवा खालच्या दातांच्या कडा झिजून सपाट झालेल्या असतील, तर व्हिनिअरचे टवके उडण्याची शक्यता बरीच वाढते. झोपेत दात खाण्याची सवय बहुतेकांना स्वतःला माहीत नसते. सकाळी जबडा आखडणे, कानशिलाजवळ दुखणे, सुळ्यांची टोके गुळगुळीत सपाट होणे ही तिची चिन्हे. अशा व्यक्तीला व्हिनिअर अजिबात नको असे नाही, पण रात्री घालायचा कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड त्या उपचाराचाच भाग समजावा, आणि तो वापरणार नसाल तर कॉम्पोझिटवर थांबावे.

साहित्याबद्दल थोडे. फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन सगळ्यांत सुंदर पण नाजूक, ताकद १०० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचे एकक) आसपास. लिथियम डायसिलिकेट, ज्याला बरेच जण ई-मॅक्स या नावाने ओळखतात, ३६० ते ५०० च्या दरम्यान. नेहमीची झिरकोनिया ९०० च्या पुढे. हे आकडे ऐकून ‘मग झिरकोनियाच घ्या’ असा निष्कर्ष काढला जातो. समोरच्या दातावर तो चुकीचा ठरू शकतो, कारण झिरकोनियात काच नसल्याने हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने तिचा पृष्ठभाग खरबरीत होत नाही आणि इनॅमलला मिळते तशी पकड तिला मिळवणे अवघड जाते. म्हणून व्हिनिअरसाठी लिथियम डायसिलिकेट किंवा फेल्डस्पॅथिक, आणि काळपट खुंट झाकायचा असेल अशा कॅपसाठी झिरकोनिया किंवा अपारदर्शक लिथियम डायसिलिकेट. आत धातू असलेली जुन्या पद्धतीची कॅप दाढेला अजूनही उत्तम आहे. समोर मात्र हिरडी थोडी मागे सरकली की कडेला करडी रेघ दिसू लागते.

काम नीट चालले आहे हे कसे ओळखावे?

व्हिनिअर असो की कॅप, दात घासायला सुरुवात करण्याआधी दातांचे माप घेऊन मेणाचा नमुना तयार व्हायला हवा. त्या नमुन्याचा सिलिकॉन साचा घेऊन तात्पुरते अ‍ॅक्रिलिक तोंडात दाबतात, आणि न घासलेल्या दातांवरच तुम्हाला होणारा आकार दिसतो. याला मॉक-अप म्हणतात. हसून बघा, ‘फ’ आणि ‘व’ म्हणून बघा. ओठ नीट मिटतो का, दात लांब वाटतात का, घरच्यांना दाखवा. मॉक-अपचा दुसरा उपयोग डॉक्टरांना होतो. ते त्याच्यावरूनच ०.३ आणि ०.५ मिलिमीटरच्या खाचा पाडतात. जिथे आकार वाढवायचाच आहे तिथे मग दात जवळजवळ घासावाच लागत नाही. मॉक-अपशिवाय डोळ्यांच्या अंदाजाने घासले की हमखास जास्त घासले जाते.

‘एकही दात न घासता व्हिनिअर’ ही जाहिरात काहींच्या बाबतीत खरी ठरते. दात मुळात लहान असतील, आत झुकलेले असतील किंवा फटी असतील तेव्हा. पुढे आलेल्या किंवा पुरेशा मोठ्या दातांवर तसेच चिकटवले तर ओठ फुगलेला वाटतो आणि हिरडीजवळ कड जाड राहून अन्न अडकते. उलट बाजूने, ‘व्हिनिअर’ म्हणून सांगून प्रत्यक्षात दात चहूबाजूंनी घासून पातळ कॅप बसवल्या जातात, हेही घडते. म्हणून सरळ विचारा: माझ्या दाताची मागची बाजू पूर्ण घासणार आहात का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती कॅप आहे, नाव काहीही असो.

कड शक्यतो हिरडीच्या पातळीवर किंवा हिरडीच्या किंचित बाहेर असावी. कॅपची कड हिरडीत न्यावीच लागली तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल नको. कड आणि खालचे हाड यांत साधारण ३ मिलिमीटर अंतर शरीराला लागते. ते मोडले की ती हिरडी कायम लाल, सुजलेली आणि ब्रश लागताच रक्त येणारी राहते. कितीही साफसफाई केली तरी ती बरी होत नाही, कारण दोष ब्रशचा नसतो.

चिकटवण्याचा दिवस हा व्हिनिअरचा खरा परीक्षेचा दिवस. आधी पाण्यात विरघळणाऱ्या ट्राय-इन पेस्टने रंग बघतात. इथे तुमची संमती स्पष्ट द्या, कारण नंतर रंग बदलता येत नाही. मग लिथियम डायसिलिकेटच्या आतल्या बाजूला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड २० सेकंद, धुणे, सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारे रसायन) साधारण एक मिनिट. दातावर प्युमिसने (बारीक घासणाऱ्या पुडीने) सफाई, अ‍ॅसिड, बाँडिंग (चिकटवणारा पातळ थर). रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) किंवा तितकाच कोरडेपणा राखणारी सोय हवी. थुंकीचा एक थेंब मधल्या वेळात लागला तर ती पायरी पुन्हा करावी लागते. व्हिनिअरसाठी फक्त प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट बरे, कारण दुहेरी पद्धतीच्या (प्रकाश आणि रसायन दोन्हींनी घट्ट होणाऱ्या) काही सिमेंटमधली अमाइन रसायने काही वर्षांनी पिवळसर होतात आणि पातळ सिरॅमिकमधून ते दिसते. दोन-तीन सेकंद प्रकाश देऊन जास्तीचे सिमेंट काढायचे, फ्लॉस फिरवायचा, मग प्रत्येक बाजूने पूर्ण वेळ प्रकाश द्यायचा. सहा व्हिनिअर तासाभरात चिकटवून देणाऱ्या दवाखान्यात यातल्या काही पायऱ्या गाळल्या जातात, असे समजायला हरकत नाही. व्हिनिअर कॅपपेक्षा स्वस्त का नसते, याचेही कारण हेच. लॅबचे काम नाजूक आणि खुर्चीवरचा वेळ जास्त.

खर्चाचा प्रश्न खरोखर मोठा असेल तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथल्या प्रॉस्थोडॉन्टिक्स (कॅप व कृत्रिम दातांच्या) विभागात दाखवता येते. फेऱ्या जास्त पडतात, पण प्रत्येक पायरी वरिष्ठ शिक्षकांकडून तपासली जाते.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण महाराष्ट्रात टाळता न येणारी एक गोष्ट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. अशा दातांना लग्न ठरले की थेट कॅप सुचवल्या जातात. पण डाग बहुधा वरच्या थरात असतात. आधी अ‍ॅसिड-प्युमिसने वरचा सूक्ष्म थर घासणे, मग ब्लीच, मग पांढऱ्या डागांत रेझिन मुरवणे, एवढ्यावर बऱ्याच जणांचे काम होते. उरलेल्यांना व्हिनिअर. फक्त फ्लोराइडचे इनॅमल अ‍ॅसिडला दाद देत नाही, त्यामुळे वरचा थर थोडा घासून अ‍ॅसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावे लागते. हे न केल्यानेच तिथली व्हिनिअर लवकर सुटतात. इनॅमल खड्डे पडून भुसभुशीत झाले असेल तेव्हाच कॅप.

लग्नाचे वेळापत्रक

आठ आठवडे हातात आहेत. पहिल्या आठवड्यात एक्स-रे, दातांची साफसफाई, फोटो आणि मेणाचा नमुना. त्याच आठवड्यात उजव्याचे आतले ब्लीच सुरू करा. चौथ्या आठवड्यापर्यंत ते संपेल. सगळेच दात उजळवायचे असतील तर बाहेरचे ब्लीचही याच काळात, कारण सिरॅमिक आणि कॉम्पोझिटचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही. पाचवा आणि सहावा आठवडा थांबायचे. सहाव्याच्या शेवटी दोन्ही दातांवर कॉम्पोझिट. लग्नाआधी किमान दहा दिवस सगळे संपलेले असावे, म्हणजे चावा थोडा उंच वाटला किंवा कडेला जीभ लागली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

व्हिनिअर किंवा कॅप लागणारच असे ठरले, तर सातव्या आठवड्यात घासून आठव्यात चिकटवणे शक्य असते, पण घाई होते. अशा वेळी आत्ता ब्लीच आणि कॉम्पोझिट करून घेऊन सिरॅमिकचे काम लग्नानंतर सावकाश करणे जास्त शहाणपणाचे. तात्पुरत्या कॅपवर लग्न काढू नका. त्या हळदीच्या जेवणाने चार दिवसांत पिवळ्या पडतात आणि नेमक्या नको त्या वेळी निघतात. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळे उरकायला येणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. ब्लीच आणि थांबण्याचा काळ वगळून काम बसवले की त्याची किंमत दात मोजतो.

पुढची काळजी फार नाही. मऊ ब्रश, साधी पेस्ट आणि रोज फ्लॉस, कारण सिरॅमिकला कीड लागत नसली तरी कडेच्या दाताला लागते. मिश्री आणि खरखरीत दंतमंजन बंद. सुपारी फोडणे, ऊस दातांनी सोलणे, कच्चा पेरू समोरच्या दातांनी तोडणे, नखे आणि बाटलीची झाकणे हे सगळे बंद. पेरू फोड करून दाढेने खा. वर्षातून एकदा कडा आणि चावा तपासून घ्या. कॅप किंवा व्हिनिअर चावा जुळवण्यासाठी घासले असेल तर ती जागा पॉलिश करून मागा, खरबरीत सिरॅमिक चावताना त्यावर टेकणाऱ्या दाताला कानसासारखे झिजवते.

व्हिनिअर निघाले तर ते पाण्याने धुऊन डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. फेविक्विकने चिकटवू नका, त्याचा थर जाड आणि वाकडा बसतो आणि आतली बाजू पुन्हा वापरण्याजोगी करणे अवघड होते. आत सिमेंट कुठे राहिले आहे ते डॉक्टरांना बघायला सांगा. सिमेंट सगळे दातावर असेल आणि सिरॅमिक आतून स्वच्छ असेल, तर सिरॅमिकची तयारी कमी पडली होती, आणि तुकडा अखंड असेल तर तोच पुन्हा चिकटतो. सिमेंट सगळे व्हिनिअरला चिकटून आले आणि दात उघडा पडला असेल, तर पकड दाताकडून सुटली आहे: एकतर चिकटवताना ओल लागली किंवा खाली इनॅमल उरलेले नाही. दुसऱ्या कारणात तेच व्हिनिअर पुन्हा चिकटवून उपयोग होत नाही, आणि कॅपचा विचार तिथून पुढे करायचा.